बुश

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याच्या वडिलांचा, आबांचा, गाळा होता. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात हाताने चालवायचा प्रेस आणि दाराशी गनमेटलच्या चुऱ्याने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा. ऐंशीच्या दशकात या गाळ्यात सगळ्यात जास्त व्हायचे ते बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी धातूची कडी. ऑइल इंजिनचे, उसाच्या ट्रॉलीचे, ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचे. ड्रायव्हर सकाळी झिजलेला बुश फडक्यात गुंडाळून आणायचा. आबा पिनेला व्हर्निअर लावून माप घ्यायचे आणि दिवेलागणीपर्यंत नवा बुश तेल लावून तयार असायचा. शाळेतून आल्यावर लेथखालचा चुरा झाडून डब्यात भरायचा, हे पोराचं काम.

बुश मऊ धातूचा का करतात, असं त्याने एकदा विचारलं. आबांनी पोलादी पिन आणि पिवळसर बुश, दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवले. "पिन महागाची. ती वाचावी म्हणून ह्यानं झिजायचं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा लेथकडे वळले.

१९९५ साली पुण्याजवळ पिंपरीत मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हा तो सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता. ती गाडी म्हणजे 'डब्ल्यू १२४', ई-क्लास. वर्तमानपत्रातला तिचा फोटो त्याने कापून वहीत चिकटवला. पुढे वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात त्याच गाडीचं एक दांडगं भावंड भेटलं: ५०० ई. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि फुगवलेले मडगार्ड, एरवी दिसायला घरंदाज सेदान. ते मडगार्ड इतके रुंद झाले की मर्सिडीजच्या सिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनवर गाडी मावेना, म्हणून तिची बांधणी स्टुटगार्टमध्ये पोर्शेच्या झुफेनहाउझेन कारखान्याकडे गेली. हे वाचून त्याला झोप लागली नव्हती.

पण त्याची नजर खिळली ती मागच्या ॲक्सलच्या आकृतीवर. मर्सिडीजने १९८२ साली '१९०' या लहान सेदानमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांडे दिले होते आणि तीच रचना डब्ल्यू १२४ मध्येही आली. प्रत्येक दांडा एकेका दिशेची ओढ सांभाळणार, त्यामुळे वळणावर गाडी झुकली तरी चाक रस्त्याला धरून राहणार. पाच दांडे, दोन बाजू, प्रत्येक दांड्याला दोन टोकं. उद्यमनगरात वाढलेल्या पोराने पेन्सिलीने मोजलं: वीस टोकं. म्हणजे झिजायच्या जागा वीस, आणि त्या फक्त मागच्या.

युरोपियन स्पोर्ट्स सेदानच्या खर्चाबद्दल जे जे बोललं जातं, त्याचं मूळ या आकृतीत आहे. साध्या मोटारीचं मागचं चाक एका आडव्या बीमवर आणि दोन बुशांवर आयुष्य काढतं. तिला कमी लागतं आणि ती कमी देते. १९९४ च्या ऑडी ए४ ने तर पुढच्याही प्रत्येक चाकाला चार-चार आर्म, म्हणजे असेच दांडे, दिले, तेही ॲल्युमिनियमचे. स्टिअरिंगमध्ये लोण्यासारखी सफाई आली, आणि काही वर्षांनी त्या आठही आर्मचा सेट एकाच खोक्यात विकायला आला. आराम, वेग आणि पकड ही तिन्ही एकाच गाडीत हवी असतील तर मधे रबराचे खूप तुकडे, म्हणजेच बुश, लागतात, आणि रबराला वय असतं.

२००४ मध्ये पुण्यातल्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवलं. तिथे एका सहकाऱ्याच्या सेदानमधून तो पहिल्यांदा ए८ ऑटोबानवरून उल्मकडे गेला. काटा १८० वर होता आणि सहकारी शांतपणे आपल्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत होता. स्टिअरिंगवर त्याचे दोन्ही हात सैल होते. पुढे त्याच गाडीच्या टूफ तपासणीलाही तो हौसेने गेला. जर्मनीत नव्या गाडीची ही सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तपासनीसाने पुढची चाकं हलत्या पट्ट्यांवर उभी केली, खाली उतरून दिवा धरला आणि पट्ट्या डावी-उजवीकडे हलवत एकेक बुश डोळ्यांनी तपासला. एकाला चीर होती. तो बदलेपर्यंत नंबरप्लेटवर नवा स्टिकर लागणार नव्हता. सहकाऱ्याने कुरकूर केली नाही, पण बिल पाहून सुस्कारा टाकला. त्यातला मोठा वाटा होता मेकॅनिकच्या तासांचा. भागाची किंमत त्यामानाने थोडी होती.

काढलेला बुश त्याने मागून घेतला आणि बॅगेत घालून कोल्हापूरला आणला. बाहेर ॲल्युमिनियमचं कडं, आत रबर, आणि रबराच्या पोटात द्रवाचे दोन कप्पे, बारीक वाटेने जोडलेले. ब्रेक मारल्यावर चाकाला येणारी थरथर त्या द्रवाला अरुंद वाटेतून ढकलण्यात जिरून जाते आणि स्टिअरिंगपर्यंत पोचत नाही. आबांनी तो करवतीने कापला, आतला चिकट द्रव बोटावर घेतला आणि म्हणाले, "हे लेथवर हुयाचं न्हाई."

त्याने स्वतःची गाडी घेतली २०१६ मध्ये. सहा वर्षं जुनी, तीन लिटर पेट्रोल इंजिनची जर्मन सेदान. नवी असताना ४५ लाखांच्या घरातली, त्याला १४ लाखांत मिळाली. घेताना जे त्याला कुणी सांगितलं नाही, ते जुनी लक्झरी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवं. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. चौदा लाखांच्या गाडीला टायर, डिस्क, बॅटरी, आर्म हे सगळं पंचेचाळीस लाखांच्याच गाडीचं लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याकडे आहेच. इथे मात्र कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हती, याचा विसर पडतो. शिवाय जर्मनीतलं गणित इथे उलटं होतं: मजुरी परवडते, आणि समुद्रापलीकडून करासह आलेला भाग कंबरडं मोडतो. जुलै २०१७ पासून सुट्या भागांवर जीएसटीच २८ टक्के होता. तो सरसकट १८ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला.

आबांसारखी त्यानेही वही ठेवली. पहिल्या वर्षी ऑइल आणि फिल्टरची सर्व्हिस १९ हजार. चार रनफ्लॅट टायर ७४ हजार. पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर चालणारे हे टायर, पण कडेच्या जाड भिंतीमुळे प्रत्येक खड्डा थेट खालच्या रबरावर सोपवणारे. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क ४६ हजार. आपल्या साध्या गाड्यांची डिस्क लेथवर फिरवून घेतात. इथे डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आणि तिच्याखाली गेली की डिस्क भंगारात. बॅटरी २६ हजार, आणि नवी बसवल्यावर गाडीच्या संगणकाला तसं कळवावं लागतं, नाहीतर तो तिला जुनी समजूनच चार्ज करत राहतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात लवकर उकळतं. गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलायचं नाही, असं गाडीच्या पुस्तकात होतं. पण असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. त्याने गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकलं: ४३ हजार.

वर्षाला सरासरी सव्वा लाख. बायकोने वही एकदा नीट वाचली, गाडीत बसली आणि म्हणाली, "खंबाटकीच्या वळणांवर मला एकदाही मळमळलं नाही." एस.टी.त कायम खिडकी धरून बसणाऱ्या बाईचं हे प्रमाणपत्र त्याने वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर ब्रेक मारला की नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं: पुढचे चार आर्म, अलाइनमेंटसकट १ लाख १२ हजार. बुश वेगळा मिळत नाही, आख्खा आर्म बदलावा लागतो. सर्व्हिस ॲडव्हायझर खोटं बोलत नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तसाच पार्ट नंबर होता. पण ॲल्युमिनियमच्या दांड्याला काहीही झालं नव्हतं. महागाची पिन वाचावी म्हणून स्वस्तातल्या बुशाने झिजायचं, आणि इथे बुश झिजला म्हणून चांगली पिन फेकायची! त्याला ते बघवेना.

दोन्ही बाजूंचे बुश त्याने मुंबईतल्या एका पार्टवाल्याकडून ९ हजारांत मिळवले आणि पुण्यातल्या एका लहान गॅरेजमध्ये बसवून घेतले. थरथर गेली. आठ महिन्यांनी परत आली. तो खचलाच. तो गाडी काढून कोल्हापूरला निघाला, ऐंशीच्या वर न जाता, ब्रेकला जपत.

आबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्यांचा गाळा बंद होता, पण शेजारच्या गॅरेजात अजून खड्डा होता, गाडी वर उभी करून खाली उतरायचा जुन्या पद्धतीचा. आर्म खोलून त्यांनी फाटलेला रबर उजेडात धरला, नखाने चीर उघडली. ती गोल फिरत गेली होती.

"हे झिजलं न्हाई. पिळून फाटलंय. बोल्ट आवळताना चाकं लोंबत हुती का?"

पुण्यातल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर होती, चाकं खाली लोंबत होती आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले गेले होते. मग गाडी जमिनीवर उतरल्यावर आर्म वर फिरला, पण बुशाचं आतलं नळकांडं बोल्टने जखडलेलं. मधला रबर तेव्हापासून, गाडी उभी असतानाही, रात्रंदिवस पिळलेला. अशा आर्मचे बोल्ट गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे, असं कंपन्यांच्या सर्व्हिसच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. आबांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

नवे बुश मागवले, आणखी ९ हजार. आबांनी गाळा उघडला. प्रेसवरची धूळ पुसली, बुशावरची बाणाची खूण आर्मवरच्या खुणेसमोर आणली आणि दांडा खाली ओढायला पोराला सांगितलं. बुश सरळ आत गेला. आर्म चढवले, बोल्ट हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवून खड्ड्यावर आणली. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरलेली होती. आता आत माणसांचं वजन हवं होतं.

आई पुढे बसली. मागे आत्या आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा पोरगा. ड्रायव्हरच्या जागेवर गॅरेजवाले काका. डिकीत लेथचा जुना चक. आबांनी बंपर दोनदा दाबून सोडला, गाडी बसली तिथे बसू दिली आणि खड्ड्याच्या तोंडाशी उकिडवे बसले. तो टॉर्क पाना घेऊन खाली उतरला.

"अजून किती येळ बसायचं?" वरून आईचा आवाज आला.

"हलू नका," आबा म्हणाले. "आवळ."

पान्याने खट्ट केलं. तो दुसऱ्या बाजूला सरकला.