सड्यावरचं प्लास्टिकचं घर

कोकणातल्या मुसलमानांनी आखातात कमावलेला पैसा कुठे जातो हे पाहायचं असेल, तर दापोली-मंडणगडच्या खाडीकाठच्या गावांतून एक फेरी मारावी. दुमजली बंगले, पुढे खांबांची गॅलरी आणि दारांना कुलपं. आत एखादी म्हातारी राहते, कुठे तीही नाही. पैसा दिसला पाहिजे आणि तो सिमेंटात दिसला पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून माझ्या धाकट्या चुलतभावाने कुवेतहून परत आल्यावर सड्यावर प्लास्टिकचा गोठा बांधायचं ठरवलं, तेव्हा गावात हसू झालं. चाचीला रडूच आलं. "एवढी वर्षं उन्हात काढलीस, ती हे कागदाचं घर बांधायला?"

त्याचंही चूक नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा आमचा तालुकाही झोडपून निघाला. माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच्या जुन्या गोठ्याचे पत्रे सुटले आणि शेजारच्या कलमांत जाऊन रुतले. सुटलेला पत्रा म्हणजे उडता कोयता. त्या दिवशी कुणाच्या मानेवर आला नाही, हे नशीब. पुन्हा पत्रेच घालायचे तर त्याखाली भक्कम लोखंड हवं, स्लॅब घालायचा तर हातातली सगळी पुंजी संपणार. मग शेळ्या कशाच्या घ्यायच्या? पॉलिहाऊसवाले जो जीआय पाइपांचा कमानदार सांगाडा उभारतात, त्यावर २०० मायक्रॉनचा कागद ताणून त्यात शेळ्या ठेवायच्या, असं त्याच्या मनाने घेतलं. तिकडे ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत असे बोगदे वापरतात, हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं.

पण आमचा सडा म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. जांभ्याचं उघडं पठार, माती वीतभर, झाड कुठेतरी एखादं. समुद्रावरून निघालेला वारा थेट इथेच येऊन आपटतो. पावसाळ्यात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. गवंडी म्हणाला, पहिल्या आषाढात तुमचा कागद महाबळेश्वरला सापडेल.

"भाय, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत. हिशेब करून सांगा, राहील की उडेल?" चुलतभावाने विचारलं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आणि कमानीवरून वारा सुसाट जातो तेव्हा तो छपराला दाबत नाही, वर ओढतो. गोठा होता १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ सातशे किलोच्या आसपास जाते. ताशी १०० किलोमीटरला तीच पावणेतीन टनांवर पोचते. सगळे पाइप आणि कागद मिळून अर्धा टनही भरत नाहीत. म्हणजे प्रश्न गोठा पडेल का, हा नाहीच. गोठा उडेल का, हा आहे. आपल्याकडे घर बांधताना माणूस वरून येणाऱ्या वजनाचा विचार करतो. इथे खालून धरून ठेवायचा विचार करायचा होता.

चाची म्हणाली, "अल्ला राखील." मी म्हटलं, राखील, पण चिरे आपणच लावायचे.

तर आधी पाय. सहा कमानी, बारा पाय. जांभ्यात खड्डा खणायचा म्हणजे घाम निघतो, पण आम्ही प्रत्येक पायाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा पाडला. पाइपाच्या तळाला आडवी सळई घातली, नाहीतर काँक्रीट जागेवर राहतं आणि पाइप मुळ्यासारखा उपटून येतो. मग खड्डा काँक्रीटने भरला. असा एक पाय अर्ध्या टनाचा होतो.

मग दिशा. पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा, म्हणून गोठ्याची अरुंद बाजू तिकडे केली, लांब कूस नव्हे. त्या टोकाला चिऱ्यांची भिंत आणि कमानींना तिरके पाइप. दार पूर्वेला. वाऱ्याच्या तोंडाला दार ठेवलं तर वारा आत शिरून कागदाला आतून फुगवतो, बाहेरून वर ओढतो, आणि उलट्या छत्रीची गत होते.

दोन्ही कुशींना खाली कमरेएवढी चिऱ्यांची भिंत घातली. ती वाऱ्यापेक्षा शेळ्यांसाठी. शेळी प्लास्टिकलाही तोंड लावते आणि शिंगाने भोक पाडते, आणि एवढ्याशा भोकातून वारा सगळा कागद फाडत नेतो. भिंतीच्या वर शेडनेट. शेळ्यांच्या मुताचा वास आणि ओल आत कोंडली की त्यांना खोकला धरतो, म्हणून हवा खेळती हवीच. जमिनीपासून उंच माचा केला, त्याला निसर्गमध्ये पडलेल्या पोफळी फाडून पट्ट्या घातल्या. बाग गेली, तिची लाकडं तरी कामाला आली.

वारा अडवायचा कसा, यावर मात घरात वाद झाला. चुलतभावाला पश्चिमेला उंच, भरीव भिंत हवी होती. पण भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन आपटतो. त्यापेक्षा निम्मा वारा गाळून सोडणारं कुंपण बरं. त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत थोडाफार आडोसा मिळतो. हे पुस्तकातलं ज्ञान खरं, पण आमच्या आज्यांचे सुक्या चिऱ्यांचे गडगे दुसरं काय करत होते? फटींतून वारा गळायचा, आतली भाजी वाचायची. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, झाड टिकत नाही इतका वारा. तिथले लोक कोबीवर्गी भाजीची रोपं सुक्या दगडांच्या गोल गडग्यात वाढवायचे, त्याला प्लँटिक्रब म्हणत. आता तिथे पॉलिक्रब नावाचे बोगदे होतात. सामन माशांच्या शेतीतले टाकून दिलेले पाइप कमानीला वापरतात, आणि वर पातळ कागदाऐवजी जाड पॉलिकार्बोनेटचे पत्रे. हे वाचून मला ती माणसं आमच्याच खाडीतली वाटली.

१६ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून वर सरकत होतं. शेळ्या आदल्या संध्याकाळीच खाली चाचीच्या पडवीत आणल्या होत्या. चुलतभावाने एकच ठरवलं होतं: कागद जायचा तर जाऊ दे, सांगाडा राहिला पाहिजे. म्हणून कागद धरायला पट्टीतली स्प्रिंग वापरली, नटबोल्टने आवळला नाही. ओढ फार झाली तर कागद सुटावा, कमान वाकू नये. वादळाचा वारा गोल फिरतो, केंद्र पुढे सरकलं की दिशा बदलते. आम्ही पश्चिम सांभाळली होती, पण वारा काय पश्चिमेशी करार करून येत नाही. सकाळी वर गेलो तेव्हा एका टोकाला दोन कमानींमधला कागद चिंध्या होऊन फडफडत होता. बाकीचा जागेवर. बाराही पाय जसेच्या तसे.

उणिवाही सांगतो. एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते. वर शेडनेट घालावी लागते आणि पावसाआधी उतरवावी लागते, नाहीतर ती घासून कागद झिजवते. पाइप तापून जिथे कागदाला टेकतो तिथे तो आधी कुजतो, म्हणून पाइपावर पांढरी पट्टी चिकटवावी. दर तीन-चार वर्षांनी कागद बदलण्याचा खर्च धरूनच चालावं. ढिला कागद तर एक दिवस ठेवू नये; जो फडफडतो तोच फाटतो. ज्याला एकदा बांधून विसरून जायचंय त्याने या वाटेला जाऊ नये. इथे रोज एक फेरी मारावी लागते.

आणि मला वाटतं, आमच्या गावाला हेच कळत नव्हतं. सिमेंटचा बंगला बांधून कुलूप लावता येतं आणि पुन्हा विमानात बसता येतं. या गोठ्याला कुलूप लावून जाता येत नाही. चुलतभाऊ परत कुवेतला गेलेला नाही. चाची अजूनही त्याला कागदाचं घरच म्हणते, पण ढग भरून आले की पहिला प्रश्न तीच विचारते, "वर जाऊन कागद ताणून आलास का?"