वाटाणा डाळीचे सूप

गेल्या डिसेंबरमध्ये सुट्टीसाठी साताऱ्याला घरी पोहोचलो, तेव्हा आईने डाव्या हाताने दार उघडले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. अंगणात पाय घसरून पडली होती. माझी परीक्षा चालू आहे म्हणून मला कळवले नव्हते. बाबा युनिटमध्ये होते. त्यांना रजा जानेवारीत मिळणार होती.

शेजारच्या काकू रोज डबा द्यायच्या. पण आईला एका हाताने भाकरी मोडता येत नव्हती. मी घास भरवायला गेलो की ती म्हणायची, "राहू दे रे, भूक नाही." भूक होती, हे मला दिसत होते. आपल्या मुलाकडून भरवून घेणे तिला नको होते.

डाव्या हातात चमचा धरून खाता येईल आणि पोटही भरेल असे काय करावे? मला आमच्या मेसमधले थंडीतले दाट सूप आठवले. ते वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचे असते. ही डाळ हरभऱ्याच्या डाळीसारखीच दिसते, म्हणून दुकानदाराला दोनदा विचारून घेतली.

पहिल्या दिवशी मी डाळ, कांदा, टोमॅटो, मीठ सगळे एकदमच पातेल्यात टाकले. दोन तास झाले तरी डाळ कचकचीतच. घाईने गॅस मोठा केला, तर खाली करपले. त्या रात्री आई दूध-बिस्किट खाऊन झोपली. मला काहीच बोलली नाही, त्याचे जास्त वाईट वाटले. ड्रिलमध्ये माझी कधी चूक होत नाही, पण घरात आईला एक वेळचे जेवण देता आले नाही.

सकाळी मेसच्या कुक काकांना फोन केला. ते हसून म्हणाले, "टोमॅटो आधी टाकला ना? आंबट पडलं की डाळ लवकर शिजत नाही. आधी डाळ, मग बाकी सगळं. आणि गॅस बारीक."

दुसऱ्या दिवशी एक वाटी डाळ तासभर भिजवली. पाच वाट्या पाण्यात ती उकळत ठेवली, वर येणारा फेस काढला आणि झाकण थोडे तिरके ठेवून मंद आचेवर तासभर शिजवली. दुसरीकडे चमचाभर तुपात कांदा, लसूण आणि गाजराचे तुकडे परतले. डाळ बोटाने सहज चेपली जाऊ लागल्यावर हे सगळे आणि एक तमालपत्र तिच्यात घातले. आणखी वीस मिनिटे अधूनमधून तळापासून ढवळत राहिलो. शेवटी मीठ आणि मिरपूड. गॅस बंद केल्यावर लिंबू. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. एकदाही उठली नाही.

रात्री बाबांचा फोन आला. "आज काय खाल्लं हिनं?" मी उत्तर देण्याआधी आईने फोन घेतला. "दोन वाट्या सूप. माझ्या हातानं."

शाळेत परतल्यावर वाचनालयात सैन्याच्या जेवणाविषयी वाचले. १८६७ मध्ये बर्लिनच्या ग्र्यूनेबर्ग यांनी वाटाण्याचे पीठ, चरबी, मीठ आणि मसाला एकत्र दाबून त्याच्या कांड्या बनवल्या. पाण्यात उकळल्या की सूप तयार. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांना त्या शिधा म्हणून मिळत. स्वीडनच्या सैन्यात तर गुरुवारी वाटाण्याचे सूप देण्याची जुनी प्रथा आहे. डाळ स्वस्त, वाळलेली असल्याने टिकाऊ आणि पोटभरीची, म्हणून सैन्याला ती सोयीची. पण रोज कुणीतरी पहाटे उठून आपल्यासाठी चूल पेटवतो, हे मेसमध्ये इतकी वर्षे जेवूनही माझ्या मनात आले नव्हते. आता ताट परत देताना कुक काकांना "छान झालं होतं" असे आवर्जून सांगतो.

मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एक तरी पदार्थ शिकून या. कधी कुणाला लागेल, सांगता येत नाही.

प्लास्टर निघाल्यावर आईने पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापल्या, असे बाबांनी फोनवर सांगितले. सोबत काय केले होते, विचारले, तर म्हणाले, "तुझं ते सूप. करपलं नाही."