माहेरचं नाव, सासरचं नाव आणि रक्ताची पिशवी

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्याचा रक्त चढवण्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळ्या काढलेल्या माझ्यासारख्या सिस्टरला विचारा. मुलीला घेऊन येतात वडील. केसपेपर काढताना सवयीनं माहेरचं नाव सांगतात, आधार कार्डावरही तेच असतं. मागाहून नवरा येतो, तो सासरचं नाव सांगतो. त्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदललेलं असलं, की एका खाटेवर कागदोपत्री दोन बायका झोपलेल्या असतात.

अशीच एक पोर. तिची दोन्ही नावं इथे देत नाही. प्रसूतीनंतर खूप रक्त गेलं आणि हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलं. डॉक्टरांनी पीसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींची पिशवी, मागवली. रक्तपेढीचा फॉर्म इंटर्ननं नवऱ्याला विचारून भरला, नमुन्याच्या नळीवर, म्हणजे बल्बवर, नाव मात्र केसपेपरातलं. रक्तपेढीनं नमुना परत पाठवला. नवरा तणतणत वर आला, ‘‘बाई तीच, रक्त तेच, मग अडलंय कुठं?’’

अडलं होतं ते योग्यच. चुकीच्या गटाचं रक्त चढतं तेव्हा बहुतेक वेळा गट तपासण्यात चूक झालेली नसते, माणसाच्या ओळखीत गफलत झालेली असते. अशा वेळी जुन्या बल्बवरचं नाव खोडून नवं लिहायचं नसतं. डॉक्टरांकडून कागद दुरुस्त करून घेतले, नमुना नव्यानं काढला आणि लेबल खाटेपाशीच लिहिलं. टेबलावर येऊन लिहू म्हटलं, की ट्रेमधले सगळे बल्ब सारखेच दिसतात.

तेवढ्यात दीर पुढे आला. ‘‘माझं ओ पॉझिटिव्ह आहे. ओ सगळ्यांना चालतं. माझंच काढा आणि लावा.’’ हे वाक्य वॉर्डात नेहमी कानावर पडतं, पण ते सगळ्यांना लागू नाही. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ गट जगासमोर आणला. त्या गटाची माणसं साध्या तपासणीत ओ दिसतात, पण त्यांना नेहमीचं ओ रक्तही चालत नाही. क्रॉसमॅच केलं की ते उघड होतं. शिवाय काढलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी व्हावी लागते. दिराला म्हटलं, रक्तपेढीत जाऊन द्या, कुणाच्या तरी कामी येईल. तो गेलाही.

पिशवी आली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी आणि शेजारच्या वॉर्डातली सिस्टर, दोघींनी मिळून वाचलं: नाव, आयपीडी नंबर, गट, पिशवीचा नंबर, मुदत, क्रॉसमॅचचा कागद. दिव्यासमोर धरून गाठी, गळती, रंग पाहिला. मग पोरीला विचारलं, ‘‘नाव सांगा तुमचं.’’ ‘‘तुम्ही अमुकच ना?’’ असं मी कधीच विचारत नाही. ग्लानीतली बाई सिस्टरच्या कुठल्याही प्रश्नाला हो म्हणते.

तिच्या आजीबाईंनी पिशवीला हात लावून पाहिला. ‘‘बर्फच की! गरम पाण्यात ठेवा ना थोडी.’’ ठेवायची नाही. उष्णतेनं पेशी फुटतात. रक्तपेढीत पिशवी 2 ते 6 अंशांत असते. तिथून निघाली की अर्ध्या तासात सुरू करायची आणि चार तासांच्या आत संपवायची. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये नंतरसाठी ठेवणं तर नाहीच. रक्त चढवायचा बीटी सेट वेगळा, त्याला गाळणी असते. सोबत फक्त एनएस, म्हणजे साधं सलाइन. आरएलमधल्या (रिंगर लॅक्टेटमधल्या) कॅल्शियमनं रक्त गोठू शकतं आणि साध्या डेक्स्ट्रोजमध्ये तांबड्या पेशी फुटतात.

ताप, नाडी, बीपी लिहून घेतलं आणि थेंब हळू सोडले. पहिली पंधरा मिनिटं मी खाट सोडत नाही. दहाएक मिनिटांनी तिनं शाल छातीवर ओढली. आई म्हणाली, ‘‘बाळंतिणीला थंडी वाजायचीच, पंखा बंद करा.’’ पंखा आधीच बंद होता. हात धरला तर बोटं थरथरत होती. थर्मामीटर लावला. सुरुवातीला 98.6 होता, आता 101.

पिशवी तिथल्या तिथं बंद केली. सेट काढून शिरेतल्या त्याच इंट्राकॅथला नव्या सेटनं एनएस जोडलं. जुन्या नळीतलं रक्त सलाइननं आत ढकलायचं नसतं. डॉक्टर येईपर्यंत कंबर दुखतेय का, धाप लागतेय का विचारलं, अंगावर पुरळ पाहिलं, लघवीचा रंग पाहिला. नाव, नंबर पुन्हा पडताळले. पिशवी सेटसकट, रक्ताचा आणि लघवीचा ताजा नमुना आणि भरलेला फॉर्म खाली रक्तपेढीत गेला. गट जुळत होता, पेशी फुटल्या नव्हत्या. नुसती तापाची रिअ‍ॅक्शन होती. पण थंडी-ताप ही गट चुकल्याचीही पहिली खूण असते. त्या घटकेला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आधी बंद, मग चौकशी.

‘‘अख्खी पिशवी वाया?’’ नवरा म्हणाला. खिशाला आणि मनाला लागण्यासारखंच होतं ते, त्याला काय बोलणार!

सुदैवानं रक्तस्राव थांबलेला होता, बीपीही टिकून होतं. इंटर्न दुसरी पिशवी लगेच मागवायला निघाला होता, मी डॉक्टरांना विचारलं, सकाळी चालेल का? पेशंट स्थिर असेल तर मी हा आग्रह धरतेच. रात्री सिस्टर एक, वॉर्ड भरलेला. पंधरा मिनिटं एका खाटेपाशी उभं राहायचं म्हणजे बाकीच्या खाटा मावशींच्या भरवशावर. नाइलाज असेल तेव्हा करतोच. डॉक्टर हो म्हणाले. दुसरी पिशवी सकाळचा राउंड संपल्यावर दिवसपाळीच्या सिस्टरनं लावली आणि ती तीन तासांत निवांत उतरली.