बारीक अक्षर

चष्म्याला ‘चाळीशी’ म्हणणारे आपले पूर्वज मोठे हुशार. कोणत्या वयात बारीक अक्षर आपल्याशी फटकून वागायला लागतं, ते त्यांनी नावातच सांगून ठेवलं. आमच्या निपाणीत बस्तीत स्वाध्यायाला बसलं की पोथी धरलेले हात हळूहळू लांब जातात. ‘ष’ की ‘प’, ‘घ’ की ‘ध’, कळेनासं होतं. मग एखादी अक्का ‘तूच वाच गं’ म्हणत पोथी शेजारणीकडं सरकवते, आणि पुढं नुसती ऐकायला येते.

पण वाचतो तो फक्त डोळाच का? गोकाकचा धबधबा आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलाय. पडणाऱ्या पाण्याकडं मिनिटभर टक लावून बघा आणि नजर शेजारच्या खडकावर न्या. खडक वर सरकल्यासारखा वाटतो! स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यापाशी रॉबर्ट अ‍ॅडम्स यांना हेच दिसलं आणि १८३४ मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. एकाच दिशेच्या गतीला नजर सरावते आणि स्थिर वस्तूला उलटी गती देते.

त्याच स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशाच भासाचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी फिरणारं चक्र दाखवलं, मग बारीक अक्षरं. आत-आत जाणारं चक्र पाहिलं की नंतरचं अक्षर फुगल्यासारखं भासतं. ते लोकांना जास्त चांगलं ओळखता आलं. बाहेर पसरणारं चक्र पाहिलं की अक्षर आक्रसल्यासारखं भासतं. ते ओळखणं जड गेलं. अक्षराचं माप मात्र बदललेलं नव्हतं.

अनेकांत समजावताना बोटांचा दृष्टांत देतात. अनामिका करंगळीशेजारी मोठी, मधल्या बोटाशेजारी लहान. लहान-मोठेपण पाहणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असतं, हे आपण ऐकत आलो. इथं ते अक्षरांवर तपासून पाहिलेलं आहे.

म्हणून काही चक्राकडं बघून पोथी वाचायची नाही. भास घटकाभराचा. वयानं डोळ्यातलं भिंग ताठर होतं, त्याला चष्माच हवा. उजेड भरपूर घ्यावा. बाहुली लहान होते आणि अक्षर स्पष्ट दिसतं. याचा आळस मात्र करू नये. औषधाच्या पाकिटावरची तारीख आणि बँकेच्या कागदावरची अट, दोन्ही बारीकच छापलेल्या असतात. त्या कायम दुसऱ्याकडून वाचून घेतल्या, की हळूहळू आपलं ठरवणंही दुसऱ्याच्या हातात जातं.