शेवंतीची रात्र

शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये दिवे लावायचे ते फुलं लवकर येऊ नयेत म्हणून. मावळात आमचे दिवे रात्री दहाला लागतात आणि दोनला विझतात. उजेड फार लागत नाही, शंभर लक्सच्या आसपास पुरतो. तेवढ्यावर कोवळी रोपं कळी न धरता उंच होत राहतात. दांडा बाजाराला हवा तेवढा झाला की दिवे बंद करायचे. आठ आठवड्यांचा वाण असेल तर तिथून आठ आठवड्यांनी फूल तोडणीला येतं. मार्गशीर्षातले गुरुवार धरायचे असतील, तर दिवे विझवण्याची तारीख उलटी मोजत यावी लागते.

शेवंती मोजते ती रात्र. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध मांडला. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता. तो उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा, पण रोज काही तास अंधारात कोंडला की फुलायचा. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. आपल्या बांधावर माजतं ते काटेरी तण. दिवसा मध्येच अंधार केला तर त्या झाडाला फरक पडला नाही; रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड दाखवताच फुलणं थांबलं. आमचे मध्यरात्रीचे दिवे याच शोधावर जळतात. पानातलं फायटोक्रोम हे द्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडाने जागं होतं आणि ७३० च्या गडद लालाने परत पहिल्या रूपात जातं, म्हणून दिवा घेताना त्यात लाल किती आहे ते मी आधी पाहते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो चैलाख्यान या रशियात काम केलेल्या शास्त्रज्ञाचा प्रयोग, कारण तो शेवंतीवरच झाला. शेंड्याकडची पानं काढून त्याने खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि शेंडा लांब दिवसात ठेवला. तरी शेंड्याला फुलं आली. रात्र ओळखतं ते पान, आणि निरोप पोचतो शेंड्याला. हे कळल्यावर खालच्या पानांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. दिवे बंद करायच्या दिवसांत ती पानं करपलेली, रोगट असून चालत नाहीत. स्वच्छतेच्या नावाखाली ती ओरबाडलेली मला सहन होत नाही.

पुण्याकडे जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकरा तासांचा. म्हणजे आपल्या सगळ्यात लहान रात्रीतही बऱ्याच वाणांना कळी धरायचा मोह होतो. म्हणून ज्यांचे शेंडे खुडून रोपं करायची, त्या मदर प्लांटना वर्षभर दिवे लागतात. उलट फूल पक्कं करायला उन्हाळ्यात तेरा तासांचा अंधार द्यावा लागतो. त्यासाठी संध्याकाळी सहाला काळं कापड ओढायचं आणि सकाळी सातला काढायचं. या कामात खरी कसोटी लागते, कारण एप्रिलच्या संध्याकाळी कापडाखाली वाफ कोंडते आणि उष्णतेने कळी अडून बसते. अंधार पडल्यावर बाजूचं कापड गुंडाळून हवा खेळू द्यायची आणि फटफटायच्या आत पुन्हा ओढून घ्यायचं. पहाटेची ही पाळी सांभाळणारा माणूस माझ्या लेखी खतपाण्याचं गणित जाणणाऱ्यापेक्षा कमी नाही.

कडेच्या ओळी उजेडाकडे झुकतात ते वेगळं. सावलीकडच्या पेशी जास्त लांबतात म्हणून दांडा वळतो. दांड्यांच्या आधाराची जाळी वेळेवर वर उचलली की ते आटोक्यात राहतं.

अलीकडे ड्रॅगन फ्रूटवालेही थंडीत रात्रीचे दिवे लावू लागले आहेत. त्या पिकाला लहान रात्र हवी असते; उजेडाने ते हंगामाबाहेर फुलतं. एका बांधाला दोन्ही पिकं लागली, तर ड्रॅगन फ्रूटच्या दिव्यांनी बांधालगतच्या शेवंतीच्या ओळी हिरव्याच राहू शकतात. नव्याने शेवंती लावणाऱ्याला मी सांगते, माती तपासायला देण्याआधी एका अमावास्येच्या रात्री जागेवर जाऊन उभे राहा. रस्त्याचा दिवा, शेजारचा गोठा, समोरचा ढाबा, कुठून उजेड येतो ते पाहा आणि बेड त्यापासून लांब आखा. शेजाऱ्याशीही लागवडीआधीच बोलून घ्या. एकदा रोपं लागली की दोघांनाही मागे फिरता येत नाही.