पाकिटावरचा आकडा

रॅमच्या पाकिटावर 3200 छापलं असेल तर ती 3200 वरच चालली पाहिजे, हे माझं पक्कं मत होतं. ग्राहकांना, शिकायला येणाऱ्या पोरांना, चंद्रपूरच्या दुकानदारांनाही मी ते ठासून सांगत आलो. आज ते माझं मत राहिलेलं नाही. का राहिलं नाही ते लिहायला बसलो आहे, कारण तसं मानणारे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे.

घुग्घुसच्या माणसाला आकड्याची चाड असते. इथे कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, स्पंज आयर्नचा आहे. ट्रक रिकामा काट्यावर चढतो, मग भरून चढतो, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल. पावतीवर लिहिलं तेवढं उतरलं नाही, तर वाटेत कुणीतरी खाल्लं. रॅमचंही मी तसंच धरून चालत होतो. ‘भाऊ, पैसे बत्तीसशेचे घेतले अन् चालून रायली सव्वीसशेवर,’ असं म्हणत कुणी पीसी घेऊन आला की मी त्याच्या बाजूने उभा राहायचो. बायोसमध्ये शिरायचं, प्रोफाइल चालू करायचं, नाही जमलं तर व्होल्टेज थोडं चढवायचं, पण आकडा गाठायचाच. गाठला की गिऱ्हाईक खूश आणि न्याय झाल्याचं समाधान मला.

यातली काही गाऱ्हाणी मुळात गाऱ्हाणीच नसतात. सीपीयू-झेड उघडलं की 3200 च्या रॅमसमोर 1600 च्या आसपासचा आकडा दिसतो आणि माणूस हादरतो, अर्धी रॅम गेली कुठे? गेलेली नसते. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून 1600 मेगाहर्ट्‌झच्या ठोक्यावर सेकंदाला 3200 दशलक्ष फेऱ्या होतात. एक सॉफ्टवेअर ठोके दाखवतं, दुसरं फेऱ्या. हे समजावून सांगितलं की तक्रार तिथेच मिटते.

खरा पेच पुढे आहे, आणि तो मला फार उशिरा उमगला. रॅमच्या पट्टीवर एसपीडी नावाची एक बारीक चिप असते. पट्टी कुठल्या वेगाला, कुठल्या टायमिंगला चालवायची हे तीत लिहिलेलं असतं. जेडेक ही संस्था रॅमची मानकं ठरवते. डीडीआर4 चं मानक 2012 मध्ये आलं, 1.2 व्होल्टचं. बाजारातल्या बऱ्याच वेगवान पट्ट्यांमध्ये जेडेकचा वेग 2133, 2400 किंवा 2666 लिहिलेला असतो, आणि पाकिटावरचा 3200 किंवा 3600 हा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, बहुधा 1.35 व्होल्टवर. एक्सएमपी इंटेलने 2007 मध्ये डीडीआर3 च्या काळात आणलं. एएमडीने 2022 मध्ये डीडीआर5 साठी एक्स्पो काढलं. दोन्ही प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. पट्टी बनवणारा सांगतो की माझी पट्टी एवढं पळू शकते. समोरचा प्रोसेसर आणि बोर्ड तेवढं पळतील याची हमी तो देऊ शकत नाही, कारण रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो आणि तारा बोर्डात.

म्हणजे पट्टीचं वजन करून आकडा निघत नाही. तो तिघांच्या जमण्यावर ठरतो. काट्याचा हिशोब मी लावत होतो तो इथे लागूच नव्हता.

दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह 10400 आणि एच410 चा बोर्ड, ही जोडी ऑफिसातल्या पीसींमध्ये भरपूर बसली. या जोडीची कमाल मर्यादा 2666. तीत 3200 ची पट्टी टाका नाहीतर 3600 ची, ती फार तर 2666 वर चालेल, आणि बायोसमध्ये कितीही उकरलं तरी पुढे जाणार नाही. पहिल्या पिढीचा रायझेन अधिकृतपणे 2667 चा, दुसऱ्या पिढीचा 2933 चा. चार पट्ट्या लावल्या की मर्यादा आणखी खाली येते. रायझेन 7000 मालिकेत दोन पट्ट्यांना 5200 आहे, चार लावल्या तर 3600. हे कंपनीच्या कागदावर छापलेलं असतं, पण तो कागद दुकानात कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

इथवरचं ज्ञान मिळूनही माझं मत पुरतं बदललं नव्हतं. हमी नसेल, पण चालत असेल तर चालवावी, असं मी म्हणायचो. ते बदललं एका फोटो स्टुडिओच्या पीसीमुळे.

आपल्याकडे लग्नं उन्हाळ्यात, ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा सत्तेचाळीसच्या घरात असताना. स्टुडिओवाला आला आणि म्हणाला, ‘मशीन तर मस्त चालून रायली भाऊ, एकदाबी हँग नाई झाली. पण फोटो खराब निघून रायले.’ काही जेपीजींचा खालचा भाग राखाडी झालेला, काहींमध्ये मधूनच रंग सरकलेला. त्याला हार्ड डिस्कचा संशय होता, मलाही. डिस्क तपासली, ठणठणीत निघाली. केबल बदलली, फरक नाही. पीसी त्याने बाहेरून असेंबल करून आणला होता, चार पट्ट्या, प्रोफाइल चालू, 3600 पूर्ण. माझ्या जुन्या मताप्रमाणे तो आदर्श पीसी होता. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला तर पहिल्या फेऱ्या स्वच्छ गेल्या. दुपारी, कूलरची हवा पोचत नाही अशा त्याच्याच खोलीत, पुन्हा लावला तेव्हा चुकांच्या लाल ओळी दिसल्या. अगदी थोड्या. वेग 3200 वर आणला, ओळी गेल्या. पुन्हा 3600 केला, पुन्हा आल्या.

कार्डावरून फोटो डिस्कवर जाताना आधी रॅममध्ये उतरतो. तिथे एक बिट उलटला तर डिस्कवर चुकलेलीच प्रत लिहिली जाते, आणि डिस्क ती इमानाने जपते. स्टुडिओवाला कॉपी झाली की कार्ड फॉरमॅट करायचा, दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी. म्हणजे खराब निघालेले ते फोटो जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. पीसी हँग झाला असता, ब्लू स्क्रीन आली असती, तर तो त्याच दिवशी माझ्याकडे आला असता. गुपचूप चुकणाऱ्या मशीनने त्याला कितीतरी दिवस अंधारात ठेवलं, आणि मी आजवर न्याय म्हणून ज्या वेगासाठी भांडत होतो तोच याच्या मुळाशी होता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमवर बियांका श्रोडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका दिसल्या होत्या. या चुका मोजता आल्या, कारण सर्व्हरच्या रॅमला ईसीसी असते, ती चूक पकडते आणि दुरुस्तही करते. आपल्या घरच्या-दुकानच्या पीसीला सहसा ती नसते. डीडीआर5 च्या चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला आमच्या चंद्रपूरच्या उन्हामुळे पटायला जड गेली: बाकी गोष्टी सारख्या धरल्या तर तापमानाचा परिणाम फारच कमी. पण तिथली रॅम ठरलेल्या मर्यादेत चाललेली, थंड हवेच्या सर्व्हर खोल्यांत. आपण पट्टी अगदी काठावर नेऊन ठेवतो. रॅमच्या पेशीतला भार सतत गळत असतो, म्हणून डीडीआर4 चा प्रत्येक भाग 64 मिलिसेकंदांत एकदा ताजा करावा लागतो, आणि चिप 85 अंशांच्या वर गेली तर 32 मध्ये. उष्णता वाढली की गळती वाढते. मर्यादेत असताना ती खपून जाते, काठावर नाही. स्टुडिओतली दुपार मी अशी समजून घेतली.

आणि एवढं करून हाती काय लागत होतं? त्याच पीसीवर लग्नाचा व्हिडिओ 3600 वर एक्स्पोर्ट करून पाहिला आणि 3200 वरही. फरक एवढा थोडा की घड्याळाकडे बघत बसल्याशिवाय कळला नसता. तिथे काम प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड करतात. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्या पोराला मात्र रॅमच्या वेगाने खरंच फायदा होतो, ते मी नाकारत नाही. पण त्यालाही त्याहून मोठा फायदा एकाऐवजी दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्याने होतो.

म्हणून वेग कमी दिसतो अशी तक्रार आली की मी आजही सगळं तपासतो. आधी आकडा कुठला वाचला ते. मग प्रोफाइल चालू आहे का, दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का, जुन्या हळू पट्टीशी नवी जोडली आहे का, कारण जोडीत दोघी हळू पट्टीच्याच चालीने चालतात. आमच्याकडे कोळशाची धूळ सगळीकडे शिरते, म्हणून ब्लोअर मारून, पट्टीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून पुन्हा बसवतो. बायोस जुना असेल तर नवा टाकतो. प्रोफाइल लावल्यावर डिस्प्लेच आला नाही तर बोर्डचा सेल काढून सेटिंग पुसतो. एवढ्यात जो वेग मिळेल तो घ्यावा. त्याच्या पुढे व्होल्टेज चढवत जायचं आता मी करत नाही. एक पायरी खाली उतरतो आणि रात्रभर चाचणी लावतो, उन्हाळ्यात दुपारीही.

माझा राग मात्र गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. एच410 च्या बोर्डासाठी 3200 ची महाग पट्टी गळ्यात मारणाऱ्यावर तो आहे, पाकिटावर आकडा ठळक छापून अट बारीक अक्षरांत टाकणाऱ्यांवर आहे. गिऱ्हाइकाला हे पैसे देण्याआधी कळायला हवं. मी बिलावर आता दोन आकडे लिहितो, पाकिटावरचा आणि चाचणीत टिकलेला, आणि दुसऱ्यावर सही करतो.

परवा कॉलनीतला एक मुलगा रायझेन 7000 चा पीसी आणि 6000 च्या चार पट्ट्या घेऊन आला. चारही 6000 वर हव्यात म्हणाला. दोनच वापरून 6000 चं बघू, नाहीतर चार ठेवून खाली उतरू, असं मी सांगितलं. त्याला पटलं नाही. जुना मी त्याच्याबरोबर रात्रभर बसलो असतो. मी त्याला विचारलं, या पीसीवर तू काय ठेवणार आहेस? कॉलेजचा प्रोजेक्ट, आणि घरच्यांचे सगळे फोटो, तो म्हणाला. मग मी दोन पट्ट्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि चाचणी सुरू केली.