जुन्नरच्या उसांतील पोरकीं पिलें

प्रवासास निघणारा मनुष्य बहुधा देव, किल्ला किंवा थंड हवा यांपैकीं एकाच्या शोधांत असतो. जुन्नर तालुक्यांत या तिहींचीही सोय आहे. शिवनेरी तेथेंच, लेण्याद्री व ओझर हीं अष्टविनायकांपैकीं दोन स्थानें तेथेंच, आणि पश्चिमेस माळशेज घाट. परंतु गेल्या माघांत आम्ही जालन्याहून तिकडे गेलों तें यांपैकीं कशासाठींही नव्हे. आईपासून दुरावलेल्या व जखमी झालेल्या बिबट्यांची तेथें जी शुश्रूषा होते, तिची माहिती करून घ्यावी, एवढाच हेतु होता.

जालन्याच्या माणसास या गोष्टीची उठाठेव कशाला, असें वाचक विचारतील. त्यास दोन कारणें आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी आल्यापासून अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत ऊस वाढला. समर्थांचें जन्मगांव जें जांब, तें याच घनसावंगी तालुक्यांतलें. दुसरें कारण असें कीं, पश्चिमेकडील ऊस ज्यांच्या कोयत्यांनीं तोडला जातो, त्यांतले पुष्कळ मजूर आमच्या जिल्ह्यांतले. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्याच्या टोळ्या बायकामुलांसह निघतात, त्या उन्हाळ्यांतच परततात. उसांत बिबट्याचें पिलूं निघतें, तें प्रथम या लोकांच्याच दृष्टीस पडतें.

आमची एस. टी. प्रवरासंगमापाशीं गोदावरी ओलांडून अहिल्यानगरास आली. तेथून कल्याणच्या रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे टाकळी ढोकेश्वर लागतें. २००९ सालीं या गांवच्या विहिरींत एक वयस्क बिबट्या पडला. त्यास बाहेर काढून संशोधकांनीं त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधिला व माळशेज घाटांत सोडून दिलें. ‘आजोबा’ या नांवानें प्रसिद्ध झालेला तो हाच. सुमारें १२० किलोमीटर चालून, गांवांना वळसे घालीत, हमरस्ते आणि लोहमार्ग ओलांडीत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोंचला. वाटेंत त्यानें कोणा माणसास इजा केली नाहीं. २०११ सालीं मात्र तो रस्त्यावर वाहनाखालीं सांपडून मेला. आणखी पुढें आळें हें गांव. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले, त्या रेड्याची समाधि येथें आहे. पैठणचा रेडा जुन्नर तालुक्यांत येऊन विसांवला आणि लोकांनीं त्यास समाधि बांधिली, ही गोष्ट आमच्या मुलुखाची मुक्या प्राण्यांविषयींची भावना दाखविण्यास पुरेशी आहे.

नारायणगांवच्या अलीकडे एका शेतांत ऊसतोड चालू होती. बांधाला कोप्या होत्या, आणि एका कोपीसमोर लुगड्याच्या झोळींत तान्हें मूल निजलें होतें. बोलण्याच्या हेलावरून माणसें आपल्याकडचीं वाटलीं. विचारतां घनसावंगीकडचीं निघालीं. आम्ही जालन्याचे मास्तर, असें सांगतांच एका बाईनें डोईवरची मोळी खालीं टाकिली आणि ती सांगूं लागली, “गुरुजी, मागल्या साली तोडता तोडता तीन पिल्लं निघाली. मांजराच्या पिल्लावानी. पोरं उचलाया धावली. म्या म्हनलं, हात लावू नका, त्यांची माय हितंच कुठं तरी हाय.”

“बाई, भीति वाटली नाहीं का?” आम्हीं विचारलें.

“वाटली की. पर माझं लेकरू बी तिथंच झोळीत व्हतं. तिचं लेकरू गेलं तर ती कुनाच्या कोपीकडं येनार?”

त्या दिवशीं तेवढी तोड थांबली. मजुरी टनावर मिळते. म्हणजे जितकी तोड थांबली तितकी मजुरी बुडाली. ज्यांचें पोट रोजच्या मोळ्यांवर, त्यांनीं हें केलें, हें आम्हांस फार मोठें वाटलें.

पुढें काय होतें, तें थोडक्यांत सांगतों. कुकडी खोऱ्यांतील धरणांचें पाणी आलें, ऊस बारमास उभा राहूं लागला, आणि बिबट्यास तेंच रान झालें. कुत्रीं, डुकरें, शेळ्या हें भक्ष्य, पाटाचें पाणी, आणि लपण्यास माणसाहून उंच पीक. मादी तेथेंच वितें. पिलें पाचटांत दडवून ती शिकारीस जाते. तोडणी तेथवर आली कीं पिलें उघडीं पडतात. पाहणाऱ्यास वाटतें कीं हीं पोरकीं आहेत. वस्तुतः आई जवळच्याच फडांत दबा धरून असते, किंवा अंधार पडतांच परत येणार असते.

वार्ता कळतांच वनखात्याचीं माणसें आणि माणिकडोह येथील पशुवैद्य येतात. माणिकडोहचें बिबट निवारा केंद्र वनखातें व ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था मिळून चालवितात. पिलांस जखम आहे काय, अंगांतलें पाणी कमी झालें आहे काय, हें वैद्य पाहतात, गोचिडी काढतात, आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण कातडीखालीं बसवितात, म्हणजे तेंच जनावर पुढें कधीं सांपडलें तर ओळख पटावी. दिवस मावळतां मावळतां पिलें जेथें सांपडलीं तेथेंच खोक्यांत ठेवितात, आपोआप छायाचित्र घेणारीं यंत्रें लावितात, आणि सर्व माणसें दूर जातात. रात्रीं आई येते. खोकें हुंगते, पंजानें तें कलंडते, आणि एकेका पिलाला मानेशीं धरून घेऊन जाते. पहिल्या रात्रीं न आली तर दुसऱ्या रात्रीं पुन्हा तोच प्रयोग. अशा रीतीनें या भागांत कित्येक पिलें आईस परत मिळालीं आहेत. सारा उपचार एका सूत्रांत सांगतां येईल: माणसानें शक्य तितकें कमी करावें.

आमच्या संस्कृत वाङ्मयांत या विषयाचीं दोन उत्तम चित्रें आहेत. शाकुंतलांत कण्वाच्या आश्रमांतील शकुंतलेनें दर्भानें तोंड चिरलेल्या हरिणशावकास इंगुदीचें तेल लाविलें आणि सांवा भरवून त्यास वाढविलें. भागवतांत भरत राजानें नदींतून वांचविलेल्या पोरक्या पाडसावर इतका जीव जडविला कीं त्यास पुढील जन्म हरिणाचाच आला. कथेकरी जडभरताची कथा सांगून आसक्ति सोडा असें श्रोत्यांस बजावतात. माणिकडोहला आम्हांस तिचा दुसरा अर्थ दिसला. जवळीक पाळणाऱ्यालाच बांधते असें नाहीं, पाळलेल्यालाही बांधते. माणसाच्या हातून दूध प्यालेला बिबट्या माणसास भीत नाहीं, आणि शिकार शिकविण्यास आई नसते. त्यास पुन्हा रानांत सोडतां येत नाहीं. खरोखरच आई नसलेलीं पिलें, आणि सांपळ्यांत पाय गमावलेले किंवा वाहनाच्या धक्क्यानें पंगु झालेले बिबटे, यांना जन्मभर पिंजऱ्यांतच राहावें लागतें. दया म्हणून उचललेलें पिलूं दयेमुळेंच जन्माचें बंदिवान होतें.

सर्वच प्राण्यांविषयीं असा नियम नाहीं. ऑस्ट्रेलियांत निलगिरीच्या पाल्यावर राहणारा कोआला नांवाचा प्राणी आहे. त्याच्यासाठीं पोर्ट मॅक्वारी येथें १९७३ पासून स्वतंत्र रुग्णालय चालू आहे, आणि २०१९-२० च्या भयंकर वणव्यांत भाजलेले कोआले तेथें आणिले गेले. कोआल्याची मादी रस्त्यावर मेली तरी तिच्या पोटाच्या पिशवींतलें पिलूं पुष्कळदां जिवंत असतें. त्यास माणूस दूध पाजून वाढवितो, झाडावर चढण्याची संवय होऊं देतो, आणि पुन्हा रानांत सोडतो. तेथें पिलाची आई खरोखर गेलेली असते. येथें बहुधा ती चार वाफ्यांपलीकडे वाट पाहत असते. दया दोन्हीकडे तीच, परंतु कृति उलट. म्हणून दयेस ज्ञानाची जोड हवी.

या ज्ञानाच्या अभावीं पूर्वीं मोठी हानि झाली आहे. २००१ नंतर जुन्नर भागांत बिबटे धरून दूरच्या रानांत सोडण्याचा उपक्रम झाला. विद्या अत्रेय यांनीं सहकाऱ्यांसह २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी मुलुखांत टाकिलेलें, घर हरवलेलें जनावर अधिक धोक्याचें ठरलें.

परंतु दुसरी बाजू झांकून ठेवणें अन्यायाचें होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत, पिंपरखेडच्या परिसरांत, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसें गेलीं. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोक रस्त्यावर उतरले आणि एका बिबट्यास गोळी घालावी लागली. ज्या घरांतलें मूल गेलें, त्या घरास भूतदया शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. उसाच्या कडेस राहणाऱ्याला अंगणांत दिवा, शेळ्यांना बंदिस्त गोठा, विहिरीला कठडा आणि मुलाला शाळेची सुरक्षित वाट मिळाली पाहिजे. ही व्यवस्था करणें सरकारचें आणि समाजाचें कर्तव्य आहे. ती होईल तरच बिबट्यावर दया करा, असें त्या माणसास सांगतां येईल.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची शेती गांवाकडे वाट्यानें लाविलेली आहे, आणि आतां तेथें ऊस उभा आहे. त्यांनीं आपल्या वाटेकऱ्यांस व तोडणीच्या टोळीस एवढें सांगून ठेवावें: पिलूं दिसलें कीं हात लावूं नये, गर्दी करूं नये, मुलांबाळांसह दूर व्हावें आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. आणि त्या दिवशीं तोड थांबली तर टोळीची बुडालेली मजुरी मालकानें द्यावी. घनसावंगीच्या त्या बाईनें आपल्या पदरचें नुकसान सोसून तीन पिलें त्यांच्या आईसाठीं राखिलीं. त्या नुकसानीचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर राहूं नये.